गुहागरच्या पुळणीवरून चेन्नईच्या किनाऱ्यावर

"कासवं इथे आपल्या दारात येतात, आणि तू ती राखायला मद्रासला निघालीस?" काकू अंगणात सुपाऱ्या सोलत बसली होती. तिचा प्रश्न रास्त होता.

आमचं आगर गुहागरच्या पुळणीला लागून आहे. पुढे पाखाडी, मध्ये घर, मागे नारळी-पोफळी, मग सुरूचं बन आणि त्यापलीकडे थेट समुद्र. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री इथे अंडी घालायला चढतात. वन विभागाने नेमलेले गावातलेच कासवमित्र पुळण पालथी घालतात, घरटी शोधतात आणि अंडी कुंपणातल्या हॅचरीत आणून पुरतात. आई आणि मी घरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. पिल्लं सोडायच्या दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसते. पुण्या-मुंबईची मुलं भल्या पहाटे उठून किनाऱ्यावर जातात, उकिडवी बसून पिल्लं पाण्याकडे जाताना बघतात. शेवटचं पिल्लू लाटेत शिरेपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढत नाही. मला ती सकाळ दरवर्षी हवीहवीशी वाटते.

जानेवारीत मात्र कुणी येत नाही, आणि अंडी वाचवायचं खरं काम जानेवारी-फेब्रुवारीतच असतं. मध्यरात्रीची भरती, दमट गार वारा आणि एवढ्या लांब पुळणीवर बॅटरी घेऊन चालणारी दोन-तीन माणसं. कोल्हा किंवा कुत्रा त्यांच्या आधी पोचला तर घरटं संपलं. मी जमेल तशी त्यांच्याबरोबर फिरते. आमच्या इथले कासवमित्र दादा आता पन्नाशीच्या पुढे गेलेत. गेल्या हंगामात सुरूच्या बनात टेकले असताना ते म्हणाले, "पोरं येतात ती व्हिडिओ काढायला. रात्रीचा कोण येणार? आमच्यामागं हे कोण बघणार गो?"

त्यांच्या त्या प्रश्नाने मला घराबाहेर काढलं. चेन्नईत १९८८ सालापासून विद्यार्थ्यांचा एक गट दर हंगामात रात्रभर किनारा चालतो, हे मी वाचलं होतं. स्टुडंट्स सी टर्टल कन्झर्व्हेशन नेटवर्क असं त्याचं नाव. पगार नाही, मानधन नाही. शिकून नोकरीला लागलेली मुलं जातात, त्यांच्या जागी नवी येतात, आणि काम मात्र थांबलेलं नाही. हे त्यांना कसं जमतं ते बघायचं होतं. माझी आत्येबहीण वेळाचेरीला राहते, म्हणजे मुक्कामाचा प्रश्न नव्हता. संक्रांतीचे तिळगूळ वाटले आणि चिपळूणला जाऊन गाडी पकडली. कोकण रेल्वेने मंगळुरू, तिथून मंगळुरू-चेन्नई मेल. मुंबईवरून जाणं सोपं पडलं असतं, पण मला निम्मी वाट तरी समुद्राच्या संगतीने जायची होती.

तिथली पद्धत अशी. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री शहरातल्या कुणालाही सोबत घेतात. बाकीच्या रात्री गटातली पोरं आपली आपण चालतात. नीलांगरैपासून बेसंट नगरपर्यंत सहा-सात किलोमीटर, वाटेत पालवाक्कम, कोट्टिवाक्कम, तिरुवान्मियूर. निघण्याआधी वाळूत बसवून सगळं नीट समजावतात: बॅटरी फक्त पुढच्याच्या हातात, मोबाइलचा उजेड बंद, कासव दिसलं तर जागच्या जागी थांबायचं, त्याच्या पुढ्यात कुणी जायचं नाही. समुद्र उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चालायचं. मला हे सुरुवातीला विचित्र वाटे, कारण आमच्याकडे उत्तरेला तोंड केलं की समुद्र डाव्या हाताला. पहाटे फेरी संपली की सूर्य पाण्यातून वर यायचा. आयुष्यभर तो पाण्यात बुडताना पाहिलेल्या माणसाला ते बघताना अंगावर काटा येतो.

आमच्या फेरीची पुढारी एक प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी होती. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. तिला हिंदी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं. मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत आमचं छान जमलं. माग कसा वाचायचा हे मला दादांनी शिकवलं होतं, तेच ती तिथल्या मुलांना शिकवत होती. ओल्या वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा पट्टा उमटलेला असतो. एक पट्टा वर चढलेला, एक परत उतरलेला. दोन्ही दिसले तर मादी गेली, घरटं मागे आहे. एकच दिसला तर ती अजून वरच आहे, बॅटरी लगेच विझवायची.

एका रात्री तिरुवान्मियूरच्या जवळ दोन्ही पट्टे मिळाले. वर कोरडी वाळू विस्कटलेली होती. मादी जाताना मागच्या-पुढच्या पायांनी वाळू उडवून ठेवते, म्हणजे नेमकी जागा कळू नये. अक्काने बारीक काठी हलक्या हाताने टोचत टोचत ती सगळी जागा तपासली. बाकी ठिकाणी काठी अडत होती. एका ठिकाणी ती अलगद आत गेली. "इंगे," म्हणजे इथे, ती म्हणाली आणि मला पुढे बोलावलं. मी पालथी झोपून हाताने वाळू काढायला लागले. वरची वाळू गार, खाली जावं तसतशी ती उबदार आणि ओलसर होत गेली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना पहिलं अंडं लागलं. टेबल टेनिसच्या चेंडूएवढं, पण कवच कडक नसतं, चामड्यासारखं मऊ असतं. बोट लागलं की जरासा खळगा पडतो. खड्ड्याचं तोंड अरुंद आणि पोट रुंद, साधारण दीड फूट खोल. हा आकार मादी मागच्या पायांनी कोरते, न बघता. एक पाय वाळू उचलून बाहेर ठेवतो, मग दुसरा.

मी एकेक अंडं काढून कापडी पिशवीत ठेवत होते, ती तमिळमध्ये मोजत होती, मी मनातल्या मनात मराठीत. ११८ झाली. दोघींचा आकडा जुळला तेव्हा ती हसली आणि वहीत लिहून टाकलं. खड्ड्याची खोली आणि रुंदी टेपने मोजली, घरट्यातली थोडी वाळूही सोबत घेतली. हॅचरीत त्याच मापाचा खड्डा करायचा, त्याच वाळूत अंडी ठेवायची. हे सगळं काही तासांत उरकावं लागतं. त्यानंतर आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो, आणि मग अंडं फिरलं तर तो मरतो. म्हणून पिशवी घेऊन चालणाऱ्याने ती हिसकू द्यायची नाही, खांदा बदलायचा तरी सांभाळून. त्या रात्री पिशवी माझ्याकडे होती. बेसंट नगरपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

चालताना अक्का गोष्टी सांगायची. त्यातली सतीश भास्कर यांची गोष्ट मी घरी आल्यापासून किती जणांना सांगितली असेल! हा माणूस भारताच्या किनाऱ्यावर कासवांच्या शोधात हजारो किलोमीटर पायी फिरला. १९८२ साली पावसाळ्यात तो लक्षद्वीपमधल्या सुहेली बेटावर एकटा राहिला, कारण तिथे हिरवी समुद्री कासवं नेमकी त्याच दिवसांत अंडी घालतात आणि पावसाळ्यात तिथे होडी जात नाही. म्हणजे काही महिने माणसाचं तोंड दिसणार नाही, हे ठरवूनच तो गेला. तिथून त्याने बायकोला पत्र लिहिलं, बाटलीत घालून समुद्रात सोडलं. ती बाटली श्रीलंकेत एका मच्छीमाराला सापडली आणि त्याने ते पत्र तिला पोस्टाने पाठवलं. चेन्नईच्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकात ज्यांनी पहिल्यांदा असं चालायला सुरुवात केली, त्या मद्रास स्नेक पार्कच्या मंडळींत तोही होता. ती मंडळी पुढे दुसऱ्या कामांना लागली आणि मग विद्यार्थ्यांनी ते उचललं.

आता जे सांगायचं ते सोपं नाही. मी गेले तो २०२५ चा जानेवारी होता. त्या महिन्यात चेन्नई आणि आसपासच्या किनाऱ्यावर मेलेली कासवं लागत होती, हजारावर. एकेका रात्री जिवंत कासवाचा माग एकही मिळायचा नाही आणि मेलेली ठिकठिकाणी पडलेली. डोळे सुजून बाहेर आलेले, मान फुगलेली. सोबत आलेल्या शाळकरी मुली रडायला लागायच्या. अक्का थांबायची, टेप काढायची, पाठीची लांबी-रुंदी मोजायची, नर की मादी ते बघायची, जागा आणि वेळ लिहायची, पुढे चालायला लागायची. मी वही धरायची. माद्यांच्या पोटात अंडी होती.

कारण समुद्रातलं होतं. कासवाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. ट्रॉलरचं जाळं तासन् तास पाण्याखाली ओढलं जातं, त्यात अडकलेलं कासव गुदमरतं. तमिळनाडूत यांत्रिक ट्रॉलरना किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत मासेमारी करायला बंदी आहे, आणि कासवं अंडी घालायच्या आधी नेमकी त्याच पट्ट्यात गोळा होतात. जाळ्याला कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणारी जाळी बसवता येते, टेड म्हणतात तिला. तीही सगळे बसवत नाहीत. याच कारणावरून अमेरिकेने आपल्याकडची समुद्रातली कोळंबी घेणं काही वर्षांपासून बंद केलंय. त्या जानेवारीत हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली, गस्त वाढली, वर्तमानपत्रांत पानंच्या पानं आली. मला वाटतं, किनाऱ्यावर रोज चालून मोजणारं, लिहिणारं कुणी असतं म्हणूनच हे कुणापर्यंत तरी पोचतं. नाहीतर मेलेली कासवं आपापल्या जागी कुजतात आणि भरतीबरोबर जातात. आकडाही राहत नाही.

आपल्याकडे यासाठी एक चांगली गोष्ट आहे, ती सगळ्या दर्यावर्दी मंडळींना माहीत असायला हवी. जाळ्यात कासव, डॉल्फिन, देवमासा असा संरक्षित जीव अडकला आणि तो सोडवायला जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्रात २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. २०१८ च्या अखेरीस ही योजना सुरू झाली. फोटो काढायचे, अर्ज करायचा. कित्येक खलाशांनी असे जीव सोडलेत. चेन्नईतल्या मुलांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी तपशील उतरवून घेतला.

येताना वडकऱ्याला उतरले. तिथून जवळ, कोळिकोड जिल्ह्यात पय्योळीच्या बाजूला कोळावीपालम म्हणून गाव आहे. १९९२ साली तिथल्या मच्छीमार घरांतल्या तरुणांनी 'तीरम' नावाची संस्था काढली आणि कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. बाहेरून कुणी येऊन सांगितलं नव्हतं. मला ते गाव बघायचंच होतं, आणि बघितल्यावर झोप उडाली. पुळणच उरली नाही. नदीच्या मुखातून वर्षानुवर्षं वाळू उपसली, किनारा खचत गेला, मग तो राखायला दगडांचे बांध घातले. दगडावर कासव चढत नाही. तीस वर्षं घरटी राखायला तयार असलेली माणसं तिथे आहेत, पण घरटी करायला वाळू नाही. एका काकांनी मला हाताने दाखवलं, कुठपर्यंत होती ते. त्यांचा हात समुद्राच्या बराच आत गेला.

मी हे इथे मुद्दाम लिहितेय. कोकणात गावोगावी ग्रामसभेत 'धूपप्रतिबंधक बंधारा पाहिजे' असा ठराव होतो. ज्याचं घर समुद्राने खायला घेतलंय त्याच्या भीतीपुढे मी काय बोलणार? पण जिथे घर नाही, आगर नाही, नुसती पुळण आणि सुरूचं बन आहे, तिथेही बंधारा मागतात तेव्हा माझा जीव तुटतो. बांध घातला की लाट त्यावर आपटून पायथ्याची वाळू ओढून नेते आणि शेजारचा मोकळा किनारा झिजायला लागतो. मग शेजारच्या गावाचा ठराव होतो. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे कासवं येतात ती आपली पुळण अजून मोकळी आहे म्हणून. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केलं तेव्हा अंडी खाणारी, विकणारी माणसं होती. तीच पुढे राखणदार झाली. माणसाची सवय बदलता येते. गेलेली वाळू कुठून आणणार?

माघी पौर्णिमेच्या सुमाराला घरी पोचले. आणि पुढे जी बातमी कळली तिने मला वेड लागायचं बाकी राहिलं. मी तिकडे मेलेल्या माद्या मोजत होते त्याच जानेवारीच्या अखेरीस आमच्या पुळणीवर एक मादी अंडी घालून गेली होती. तिच्या पायाला धातूचा बिल्ला होता, ०३२३३. हा बिल्ला तिला २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी लावला होता. बंगालच्या उपसागरातून, भारताच्या टोकाला वळसा घालून ती गुहागरला आली! अंतर साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात धरलं जातं. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी असं आजवर मानत आले, त्याला तिने धक्का दिला. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह-यंत्र लावून सोडलेली बागेश्री नावाची मादी दक्षिणेला जाऊन श्रीलंकेच्या पलीकडे बंगालच्या उपसागरात शिरली होती. आता उलट्या दिशेनेही वाट सापडली.

मी काकूला सांगितलं, "बघ, चेन्नईच्या पाण्यात जी गुदमरली त्यातली एखादी इथे येणारी असेल." काकू सुपारी खाली ठेवून म्हणाली, "मग तिकडच्या पोरांनी आपलंच काम केलं म्हणायचं." मला एवढ्या थोडक्यात सांगता आलं नसतं.

चेन्नईच्या पोरांचं गुपित मला जे दिसलं ते असं. प्रत्येक फेरीला एक जुना आणि एक नवा असतो. नव्याला पहिल्या दिवशी वही देतात, मग पिशवी, मग काठी. काठी मिळायला हंगाम लागतो. त्यामुळे कुणी नोकरीला लागून गेला तरी काठी धरायला दुसरा तयार असतो. आपल्याकडे कासवमित्रांचा अनुभव त्यांच्यापेक्षा मोठा आहे, त्यांना रात्र, वारा, पाण्याची चढउतार तोंडपाठ आहे. शिकायला बाजूला कुणी नाही. चिपळूण, गुहागर, दापोली इथे कॉलेजं आहेत. त्यांत शिकणारी निम्मी पोरं समुद्रापासून तासाभरावर राहतात. त्यातल्या कितीतरी जणांनी मादी वर चढताना पाहिलेली नाही, मी विचारलंय.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय अंड्याला, पिल्लाला हात लावणं गुन्हा आहे. त्यामुळे हौस म्हणून चार मित्र बॅटऱ्या घेऊन पुळणीवर उतरले, असं चालणार नाही, आणि उजेडाने मादी अंडी न घालताच परत फिरते. चालायचं ते कासवमित्रांच्या मागे, त्यांच्या सांगण्याप्रमाणे. अंड्यांना हात त्यांचाच. आपण वही धरायची, टेप धरायची, कुत्री हाकलायची, पुळणीवरचा जाळ्यांचा आणि प्लॅस्टिकचा गुंता उचलायचा, आणि दुसऱ्या रात्री परत यायचं. किनाऱ्यालगत ज्यांची हॉटेलं, घरं आहेत त्यांनी समुद्राकडचे दिवे हंगामात विझवायचे. पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात, मोठा दिवा दिसला की रस्त्याकडे वळतात. आमच्या आगराच्या मागच्या बाजूला आम्ही दिवा लावत नाही. पाहुण्यांना आधी सांगतो, कुणाचीही तक्रार आलेली नाही.

मार्चमध्ये पिल्लं बघायला जरूर या. त्यावर गावातली कितीतरी घरं चालतात, आमचंही. पण ज्यांना दोन रात्री जागायची तयारी आहे त्यांनी जानेवारीतही यावं, असं माझं अगदी मनापासूनचं आवतण आहे.

दादांशी बोलणं झालंय. वन विभागाकडे लेखी अर्ज दिलाय, चिपळूणच्या काही मुलामुलींनी नावं दिली आहेत. परवानगी हातात आली की नाताळच्या सुट्टीत पहिली फेरी धरायची, भरतीची वेळ बघून दादा रात्र ठरवतील. गडद रंगाचे कपडे आणा, पायात काही नको, पाण्याची बाटली स्वतःची. चिपळूणहून संध्याकाळची एसटी धरलीत तर जेवायच्या वेळेला पोचाल. कुळथाचं पिठलं, भात आणि सोलकढी असेल. मुली माजघरात झोपतील, मुलगे पडवीत, आणि रात्री बाराला दादा हाक मारतील तेव्हा सगळ्यांनी उठायचं.